कोशकीटकाची कैफियत

रेशमाविषयी आपल्या मराठी मनाची मोठी गंमत आहे. विवाहाच्या बंधनाला आपण रेशीमगाठ म्हणतो. तान्ह्या मुलाच्या जावळाला रेशमाची उपमा देतो. देवापुढे बसावयाचे झाले तर रेशमी सोवळ्याइतके शुद्ध वस्त्र दुसरे नाही असे मानतो. परंतु हे रेशीम ज्याच्या मुखातून निघते, तो किडा आपल्या वाङ्मयात कोठे भेटला तर त्याच्याविषयी एकही बरा शब्द ऐकू येत नाही. प्रपंचात गुरफटलेल्या जीवाचे वर्णन करावयाचे झाले, की कीर्तनकार हमखास कोशकीटकाचा दृष्टान्त काढतात. हा मूढ किडा आपल्याच लाळेने आपल्याभोवती घर बांधतो, त्या घराला दार म्हणून ठेवीत नाही आणि अखेर त्यातच कोंडून मरतो. तद्वत् हा जीवही आपल्याच वासनांच्या तंतूंनी आपणांस बांधून घेतो. संस्कृत ग्रंथांपासून चालत आलेला हा दृष्टान्त मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकला आहे, की त्यात आरोपीचे म्हणणे कोणीच ऐकून घेतलेले नाही ही गोष्ट पुष्कळ वर्षे माझ्या ध्यानातच आली नव्हती. ते म्हणणे आज मांडावे असा विचार आहे.

वास्तविक मी इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक. किड्यांशी माझा संबंध जुन्या पुस्तकांतल्या कसरीपुरता. परंतु मलकापुरास राहणाऱ्या माणसाला फिरावयास जाण्याच्या वाटा दोनच. एक कऱ्हाडकडे, कृष्णा-कोयनेच्या संगमाची. दुसरी आगाशिवाच्या डोंगराची. महामार्गावरचा मोटारींचा घोष मागे टाकून मी बहुधा दुसरी वाट धरतो. सोबतीला आमच्या महाविद्यालयातले प्राणिशास्त्राचे एक स्नेही असतात. मी डोंगरातली लेणी पाहतो आणि ते वाटेवरची झुडपे पाहतात. त्यांच्या संगतीने मला जे कळले त्याचा सारांश असा, की सुरवंटाचे रेशीम म्हणजे त्याचा तुरुंग ही कल्पना तुरुंगाबाहेरच्या माणसाची आहे, सुरवंटाची नव्हे.

प्रथम हे रेशीम होते कसे ते पाहू. सुरवंटाच्या शरीरात दोन्ही बाजूंस दोन लांब, वेटोळी घेतलेल्या ग्रंथी असतात. आपल्या तोंडात ज्या ग्रंथी लाळ करतात त्यांच्याशी ह्यांचे काम ताडून पाहिले, तर कीर्तनकारांचा ‘लाळ’ हा शब्द अगदीच चुकीचा नाही असे म्हणावे लागते. ग्रंथीच्या मागल्या भागात रेशमाचे मूळ द्रव्य तयार होते. मधल्या भागात त्यावर गोंदासारख्या दुसऱ्या द्रव्याचे आवरण चढते. दोन्ही नळ्या खालच्या ओठापाशी एका बारीक तोटीत येऊन मिळतात. म्हणून आपण ज्याला एक धागा समजतो तो खरोखर गोंदाने जोडलेला जोडधागा असतो. ह्यात मला सर्वांत नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. आत पातळ असलेला हा रस बाहेर येताच नुसत्या वाऱ्याने वाळून घट्ट होत असेल, अशी माझी समजूत होती. परंतु रसाचे सूत होते ते मुख्यतः ताणामुळे. सुरवंट तोटीचे टोक कशाला तरी चिकटवितो आणि मान मागे घेतो. त्या ओढीने रसातले कण एका दिशेला लागतात आणि तंतू बनतो. सुरवंट रेशीम थुंकीत नाही, ओढतो. ज्याला आपण ऐदी म्हणून हिणवितो, त्याचे प्रत्येक सूत असे मानेच्या श्रमाने निघालेले असते.

आता ह्या सुताचा तो उपयोग काय करतो? कोश ही त्याच्या आयुष्यातली शेवटची विणकाम-कामगिरी होय; त्यापूर्वी जन्मापासून त्याचे सूत चालूच असते. सोयाबीनच्या शेतात जी उंटअळी शेतकऱ्याच्या शिव्या खाते, तिच्या जातीतल्या कित्येक अळ्या पान हलताच एका धाग्याला लोंबकळून खाली उडी घेतात आणि संकट टळल्यावर तोच धागा पायांनी गुंडाळीत पुन्हा वर चढतात. काही गांधिलमाश्या इतक्या चतुर, की त्याही त्याच दोरावरून खाली उतरून अळीला गाठतात. पुष्कळ सुरवंट चालताना पानावर रेशमाची पायघडी घालीत जातात, कारण गुळगुळीत पानावर त्यांचे पाय ठरत नाहीत. कात टाकावयाची वेळ आली की सुरवंट प्रथम एक छोटी गादी विणतो, तिच्यात मागल्या पायांचे आकडे अडकवून स्वस्थ बसतो आणि मग जुन्या कातडीतून पुढे सरकत बाहेर पडतो. गादी नसती तर कात अंगाबरोबर ओढली गेली असती. कोणी पानांची सुरळी करून तिला सुताचे टाके घालतात आणि आत बसून जेवतात. काही जातींची नुकती जन्मलेली पिले सूत सोडून वाऱ्यावर स्वार होतात व दूरच्या झाडावर जाऊन उतरतात. म्हणजे दोर, जिना, पायघडी, गादी, तंबू आणि वाहन, इतक्या गोष्टी ज्या एका वस्तूपासून होतात, तिला आपण नुसती बेडी म्हणून मोकळे झालो.

स्नेह्यांनी एकदा बाभळीवर काटक्यांची लहानशी मोळी लोंबताना दाखविली. ती हळूहळू चालू लागली तेव्हा मी दचकलो. आत एक अळी होती. ती रेशमाची पिशवी विणते, तिला बाहेरून काटक्या चिकटविते आणि हे घर पाठीवर घेऊन हिंडते. सिंहलद्वीपात लोकांची अशी समजूत असे, की मागल्या जन्मी ज्यांनी सरपण चोरले तेच ह्या जन्मी मोळीवाले किडे झाले. किडा दिसला की त्याच्या पाठीवर नीतीचे ओझे ठेवण्याची हौस एकट्या आपल्यालाच नाही, हे पाहून मला बरे वाटले. परंतु स्नेही प्रामाणिक. ते म्हणाले, “तुमच्या बुवांना हवा असलेला कैदी मात्र येथे सापडेल. ह्या जातीच्या मादीला पंख फुटत नाहीत. ती मोळीतच वाढते, मोळीतच अंडी घालते आणि तेथेच मरते.” मी जरा विरमलो. पुढे ते म्हणाले, “पण तिची पिले त्याच मोळीच्या तोंडातून सूत सोडून वाऱ्यावर निघून जातात.” ह्यावर दृष्टान्त कोणता करावा हे मला अजून ठरविता आलेले नाही.

ज्या किड्यामुळे मी हे लिहीत आहे तो मात्र ह्याहून थोर कुळातला. आगाशिवाच्या उतारावर एका बोरीच्या डहाळीला, माघ महिन्यात, पाने झडत असताना, कोंबडीच्या लहान अंड्याएवढा एक करडा कोश लोंबत होता. हा टसराचा कोश. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दख्खनची पाहणी करणाऱ्या कर्नल साइक्स ह्या इंग्रज अधिकाऱ्याने ह्याच किड्यावर एक निबंध लिहिला असून आपल्याकडचे त्याचे नाव ‘कोळिसुरा’ असे दिले आहे. ऐन, साग, बोर ह्या झाडांवर तो राहतो हे त्याने नोंदविले. त्याहून गमतीची नोंद अशी, की आपले लोक हा चिवट कोश फिरता कापून त्याची वादी काढीत आणि तिने तोड्याच्या बंदुकीची नळी दस्त्याला आवळून बांधीत. मराठ्यांच्या बंदुका किड्याच्या घराने बांधलेल्या होत्या ही गोष्ट आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत मला कधी आढळली नाही. पुढे १८७० नंतरच्या काही वर्षांत मेजर कूसमेकर नावाच्या गृहस्थांनी पुण्यास हा किडा पाळून पाहण्याचे पुष्कळ प्रयत्न केले. परंतु व्यापाराच्या दृष्टीने त्यांतून काही उभे राहिले नाही. विदर्भात मात्र, गडचिरोली-भंडाऱ्याकडच्या रानांत, ढीवर समाजातली कुटुंबे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर हा किडा आजही राखतात. त्या कोशाला तिकडे कोसा म्हणतात आणि कोष्टी हे नाव त्याच शब्दावरून आले असावे असे काही विद्वानांचे मत आहे.

ह्या कोशाची रचना मी हातात घेऊन पाहिली. सुरवंटाने प्रथम डहाळीभोवती रेशमाचे एक कडे घातलेले, त्या कड्यापासून एक बळकट देठ खाली आणलेला आणि त्या देठाला कोश टांगलेला. पान झडले तरी कोश झडत नाही, ह्याची ही तजवीज. कारण हिवाळा आणि सबंध उन्हाळा त्याला ह्या निष्पर्ण डहाळीवर काढावयाचा असतो. भिंतीत त्याने चुन्याच्या जातीचे सूक्ष्म खडे मिसळलेले असतात. त्यामुळे कोश लाकडासारखा वाजतो. आमच्या दृष्टान्तातला मूढ प्राणी सात-आठ महिन्यांचा हिशेब मनात धरून घर बांधतो, एवढे तरी ह्यावरून कबूल करावे लागेल.

आणि दार? दाराविषयी मी स्नेह्यांना मुद्दाम विचारले. कारण सगळा खटला त्या दारावर अवलंबून आहे. ते म्हणाले, की आसामातल्या एरी किड्याचा कोश एका टोकाला उघडाच असतो. युरोपातल्या एका मोठ्या पतंगाच्या कोशाला ताठ केसांचा असा गळा असतो, की आतून ढकलले तर वाट मिळते आणि बाहेरून मुंगीही शिरत नाही. टसराच्या कोशाला मात्र असे दार नसते. त्याची किल्ली पतंगाच्या तोंडाशी असते. १९६४ साली काफातोस व विल्यम्स ह्या अमेरिकेतील दोघा शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की टसराच्या भाईबंदांपैकी पतंग बाहेर पडण्यापूर्वी त्याच्या मुखाशी एक पाचक द्रव्य साठून राहते. वेळ आली की पतंग ते द्रव्य एका द्रवात भिजवून कोशाच्या टोकाला लावतो. त्याने सूत तुटत नाही. सुतावरचा गोंद तेवढा विरघळतो आणि मोकळे झालेले तंतू दोहों बाजूंस सारून तो डोके बाहेर काढतो. ह्यापुढची गोष्ट ऐकून तर मी डोंगराच्या पायवाटेवर उभाच राहिलो. तो द्रव जिच्यातून पाझरतो ती ग्रंथी म्हणजे सुरवंटाच्या रेशीमग्रंथीचीच रूपांतर पावलेली नळी होय. ज्या वाटेने भिंत आली त्याच वाटेने भिंत विरविणारे पाणी येते. कोश बांधणाऱ्याला दाराची शुद्ध नव्हती असे आता कोणी म्हणावे?

तो कोश मी घरी आणून खिडकीशी टांगला. ह्या गोष्टीला बारा वर्षे झाली. मृगाचा पहिला पाऊस पडला त्या रात्री पतंग बाहेर आला. पहाटे पूजेसाठी उठलेल्या आईने तो सर्वांआधी पाहिला. वीतभर पंखांची, पिवळसर रंगाची मादी होती. पंखांवरच्या डोळ्यांतून पलीकडची भिंत दिसावी इतके ते पारदर्शक. ह्या पतंगाला खाता येत नाही, आठवडाभराचे त्याचे आयुष्य, हे मी आईला सांगितले. दुसऱ्या रात्री डोंगराकडून एक तांबूस नर खिडकीवर येऊन बसला. त्याला कोणी बोलाविले हे तिला मी समजावून सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. मग आपल्या अंगावरच्या सोवळ्याच्या पदराकडे पाहून ती म्हणाली, “हा तर बाहेर आला. मग माझ्या लुगड्यातले कोठे गेले रे?”

आईला दृष्टान्त पाठ होता. किडा आपल्या कर्माने कोंडून मरतो हे तिने सत्तर वर्षे ऐकले होते आणि त्यावर विश्वास ठेवला होता. मी तिला खरे ते सांगितले. पतंग बाहेर पडला तर सूत सलग उकलत नाही. म्हणून कोश वाफेवर किंवा कढत हवेत धरून आतला जीव मारतात आणि मग कढत पाण्यात सूत सोडवितात. तुतीच्या एका कोशात किलोमीटरच्या आसपास धागा निघतो. एक किलो रेशमाला काही हजार कोश लागतात. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ती रात्री धुऊन उंच वलणीवर काठीने वाळत टाकलेले सुती पातळ नेसून पूजेला बसली आणि पुढे अखेरपर्यंत तिने रेशीम अंगाला लावले नाही.

वडिलांना हे रुचले नाही. ते म्हणाले, “अगं, रेशीम शुद्ध हे शास्त्राने सांगितले आहे. शास्त्र काय किड्याला विचारून लिहावयाचे होते?” आई म्हणाली, “तुमच्या मुकट्याला मी नाव ठेवले का? मी आपले माझ्यापुरते बघते.” त्यानंतर चार वर्षे आमच्या देवघरात वडील टसराचा मुकटा नेसून आणि आई सुती पातळ नेसून शेजारी शेजारी बसत. तेवढ्यावरून दोघांत पुन्हा शब्द झाला नाही. मी एकदा तिला विचारले, “मग ही रेशमी लुगडी कोणाला देऊन टाकावयाची का?” त्यावर तिने केवढ्या तरी आश्चर्याने माझ्याकडे पाहिले. “टाकून कशी द्यायची? मग त्यांचे मरणसुद्धा फुकट जाईल की!”

आईचा हा प्रश्न नवा नव्हता, हे मला पुढे वाचनात आढळले. आगाशिवाच्या डोंगरात साठांहून अधिक लेणी आहेत. एके काळी तेथे भिक्षू राहत. बौद्ध भिक्षूंच्या विनयात असा नियम आहे, की रेशीम मिसळलेले आसन त्यांनी करवून घेऊ नये. त्या नियमाची कथा मोठी मार्मिक आहे. काही भिक्षू रेशीम करणाऱ्यांकडे गेले आणि आम्हांला आसनासाठी हवे आहे, पुष्कळ किडे शिजवा असे म्हणू लागले. त्यावर ते कारागीर संतापले. आम्ही पोटासाठी, बायकामुलांसाठी हे जीव मारतो हेच आमचे दुर्दैव. तुम्हांला त्याची काय गरज, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. हिंसा ज्याच्या हातून घडत होती त्यालाच तिची बोचणी होती. ह्याच विनयाने रेशमी चीवराला मात्र मोकळीक दिलेली आहे, हेही सांगितले पाहिजे. नियम करणाऱ्यांनाही हा प्रश्न सबंध सुटलेला नव्हता.

तो आजही सुटत नाही. मराठवाड्यात पाऊस दगा देतो तेव्हा एकरभर तुतीने कित्येकांची घरे सावरली आहेत. जालन्याच्या बाजारात कोश विकून परतणाऱ्या शेतकऱ्याला मी कोणत्या तोंडाने काही सांगावे? पतंग बाहेर पडल्यावर उरलेल्या कोशांचे सूत काढणारेही लोक आहेत. परंतु हजारो वर्षांच्या पाळणुकीने तुतीचा पतंग उडणेच विसरला आहे; त्याला बाहेर काढले तरी आकाश द्यावयाचे कोठून? एरीचा कोश उघडा, पण त्यातला जीव आसामात आवडीने खाल्ला जातो. म्हणून रेशीम नेसावे की नेसू नये ह्याविषयी लोकांना उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. माझे म्हणणे एवढेच, की जो करावयाचा तो सौदा उघड्या डोळ्यांनी करावा. ‘किडा स्वतःच कोंडून मेला’ असे म्हणण्यात आपली मोठी सोय आहे. कढईखालचा जाळ आपण लावावा आणि दोष मात्र त्याच्या अज्ञानाला द्यावा, हा न्याय नव्हे. कोश हा किड्याचा तुरुंग नाही. निघून जाण्यासाठीच बांधलेली ती खोली आहे. तिचे दार बाहेरून लावणारा दुसराच कोणी आहे.

आता आई नाही, वडीलही नाहीत. येत्या मार्गशीर्षात माझ्या मुलीचे लग्न आहे. शालू घ्यावयास केव्हा जावयाचे, असे मुलाकडच्या मंडळींनी चार वेळा विचारले. त्यांचा आग्रह प्रेमाचा आहे. मुलगी म्हणाली, “बाबा, मी आजीचाच नेसते. तिने तो टाकला नव्हता ना? आणि नवा नको.” हे तिनेच आपल्या भावी सासूबाईंना सांगितले. त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “बघू तरी कसा आहे तो.” त्यांच्या मनात काय आहे हे अजून मला नीट कळलेले नाही.

ट्रंकेतून शालू काढला तेव्हा रंग जसाच्या तसा होता. परंतु घडीच्या रेघेवर दोन ठिकाणी वस्त्र विरले होते. कऱ्हाडास एका म्हाताऱ्या रफूगाराकडे आम्ही तो घेऊन गेलो. त्याने शालू उजेडात धरला, बोटांनी चाचपला आणि म्हणाला, “सूत अजून चांगलं आहे. नेसून नाही गेलंय हे. एकाच घडीवर ठेवून गेलंय. वर्षातून एकदा तरी उलगडायला हवं होतं.” पंधरा दिवसांनी या, असे त्याने सांगितले आहे.